बसेल शिंदी

फॉर्मवर एकूण अकरा रकाने.
पानाची लांबी, काट्यांची संख्या, मातीचा रंग,
आणि चौथा : खोडाची उंची, सेंटिमीटरमध्ये.

दारव्ह्याहून सकाळच्या एस्टीनं मी फाट्यावर उतरले
तेव्हाच मुरूम तापायला लागला होता.
टेप, कात्री, जुने पेपर, पाण्याच्या दोन बाटल्या,
आणि निघताना सर म्हणालेले,
हिच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही, नीट बघ.

बरडावर झाड असं काही नव्हतंच.
एक सालई, तीही सोललेली.
रोह्यांच्या वाळक्या लेंड्या.
आणि मध्ये मध्ये जमिनीतून थेट निघालेली पानं,
कुणी हिरव्या फण्या पुरून ठेवाव्यात
आणि दात तेवढे वर राहावेत, तशी.

देवकाबाई आधीच कामाला लागली होती.
विळा, गोणपाट,
बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या.
चाळीस वर्षं ती हीच पानं कापते, वाळवते,
फडे बांधते, डोक्यावर बाजारात नेते.
मी झाडाचं नाव विचारलं.
"शिंदी."
पण त्या उंच झाडालाही शिंदीच म्हणता ना?
"थे उभी शिंदी. हे बसेल शिंदी."
मी लिहून घेतलं. बसेल.

फळ कोणत्या झाडावर येतं?
"बाईवर. बाप्या नुसता भुकटी उडवते."
तेही लिहून घेतलं, जरा वेगळ्या शब्दांत.

मग मीच सांगायला लागले,
की हिचं गोत पार तिकडचं, वाळवंटातलं,
खजुराच्या घरचं,
बिनपाण्याचं कसं राहायचं
हे ही माहेराहूनच शिकून आलीय.
"वाळवंट म्हंजे?"
सावली नाही, गवत नाही, नुसती तापलेली जमीन.
तिनं सभोवार पाहिलं, आरामात,
पार धुऱ्यापासून टेकडीपर्यंत.
"मंग हे काय हाये?"
अहो, इथं पाऊस पडतो.
"पडते. चार महिने.
बाकीचे आठ कोनाचे?"

होळीनंतर इथून वणवा गेला होता म्हणे.
सागाची पोरं गेली, कुसळं गेली,
सरड्यांची अंडी फुटल्याचे आवाज आले रात्रभर.
तिसऱ्या आठवड्यात काळ्या जमिनीतून
पहिली हीच निघाली,
पानांच्या टोकांना राख घेऊन.

आता चौथा रकाना.
मी टेपचं टोक मातीला टेकवलं.
जिथं जमीन संपते तिथंच पानं सुरू होतात.
शून्य लिहायचं?
देवकाबाई माझ्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होती.
"वरतं काऊन मोजतं, पोरी?
थे खाली हाये."

तिनं कुदळ आणली.
माती, मुरूम, पुन्हा मुरूम,
मग जुन्या पानांचे बुडखे, एकावर एक,
जळके, खवल्यासारखे,
खाली कांद्यासारखं फुगत गेलेलं काहीतरी.
मी मोजत होते.
एकोणीस.
सव्वीस.
एकतीस.
आणि ती थांबली.

अजून आहे ना खाली?
"हाये."
मग?
"पुरं पाहाचं असन तं मारा लागते."

तिनं माती परत लोटली,
टाचेनं दाबली,
आणि मला न विचारता
माझी दुसरी बाटली तिथं ओतली.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं :
एकतीस, पुढे मोजलं नाही.
सरांनी लाल पेनानं बाजूला विचारलं, का?

ते उत्तर अजून द्यायचंय.
कपाटांच्या मधल्या बोळात बसलेय,
समोर चिकटवलेलं पान, खाली लेबल :
ठिकाण, तारीख, गोळा करणारी व्यक्ती, माझं नाव.
पांडुजीभाऊ झाडत झाडत येतात,
"पाय वर घ्या, मॅडम."
मी पाय वर घेते.
त्यांचा फडा खुर्चीखालून सरकत जातो,
वाळलेला, करकरीत,
मुठीला काळी पट्टी घट्ट आवळलेली,
सायकलच्या ट्यूबची.